समोर, बाजू, पाठ

१

वजन उतरवायच्या आमच्या फोनवरच्या गटाचं नाव 'कंबर कसलेल्या'. एकोणीस बायका, दक्षिणेच्या लिव्हिंगस्टनपासून उत्तरेच्या न्डोलापर्यंत देशभर विखुरलेल्या, आणि एकीनंही दुसरीचं तोंड पाहिलेलं नाही. हे मुद्दाम होतं. शनिवारी सकाळी प्रत्येकीनं आपले तीन फोटो गटात टाकायचे, समोरून, बाजूनं आणि पाठीमागून, दर वेळी तेच घट्ट कपडे घालून, आणि मानेपासून वरचा भाग कापून टाकायचा. बायकांचे फोटो कुठं कुठं फिरतात ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून हा नियम मीच केला. त्यामुळे आम्ही एकमेकींना ओळखायचो ते दंडांवरून, पोटावरून आणि मागच्या भिंतीच्या रंगावरून.

आणि आवाजावरून. पण आवाज म्हणजे माझाच. काफूएच्या एका मुलींच्या शाळेत मी एकवीस वर्षं खेळ शिकवते. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाच्या पोरीला मी शिट्टीशिवाय थांबवू शकते. रोज सकाळी पाचला मी गटात आवाजी निरोप टाकायचे. उठा, पाणी प्या, दार उघडा, बाहेर पडा. शनिवारी त्यात तीन शब्दांची भर. समोर. बाजू. पाठ. बायका म्हणायच्या, बाना मुबिताचा आवाज कानावर पडला की झोपेतसुद्धा पाय हलतात. मुबिता माझा मुलगा, सोलवेझीच्या खाणीत कामाला आहे. आमच्याकडे आईला लेकराच्या नावानंच हाक मारतात, बाना म्हणजे आई. बायकांच्या त्या बोलण्याचा मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

गोड बोलणं मला जमत नाही. कधी जमलंच नाही. 'गुडघा दुखतो', 'पाहुणे आले होते', 'वीज नव्हती' असलं काही कोणी लिहिलं की माझं डोकं फिरायचं. बहाणा केला की आठवडाभर तोंड बंद, हा दुसरा नियम. त्या बाईनं फोटो टाकायचे, शब्द लिहायचा नाही. लिहिलाच तर मी पुसून टाकायचे. यामुळे चौघी गट सोडून गेल्या. गेल्या तर गेल्या.

त्वांबो फेब्रुवारीत आली. मझाबुकाची, सत्तावीस वर्षांची, बेकरीत कामाला, भाड्याच्या एका खोलीत एकटी राहणारी. वजन शहाण्णव किलो आणि वर रक्तदाब. तिची आई चोमाला एका अंगानं लुळी होऊन पडली होती, तीही पंचेचाळिशीत. डॉक्टरांनी त्वांबोला बजावलं होतं, रोजची गोळी चुकवू नकोस आणि बारा किलो उतरव, नाहीतर तुझीही तीच गत. चार वर्षांची मुलगी लुसेको तिनं तोवर बहिणीकडे ठेवली होती. 'मला तिच्यासाठी उभं राहायचंय' असं तिनं पहिल्याच दिवशी लिहिलं. मी उत्तर दिलं, मग उभी राहा की, लिहीत काय बसलीस.

ती चिडली नाही. दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटर चालून आली.

२

जूनमधली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा हिवाळा, थंडी कडक होती. त्वांबोनं सकाळी गटात लिहिलं, आज तुम्ही साडेचारलाच उठवलंत, बरं झालं, पीठ मळायला जायच्या आधी चालणं उरकलं.

मी निरोप पाचला टाकला होता. पाचला एक मिनिट कमी नाही आणि एक जास्त नाही. तसं मी लिहिलं. न्डोलाची कासुबा, आमच्यातली चेष्टेखोर, लगेच म्हणाली, "बाना मुबिता, आता बायकांच्या स्वप्नात जाऊनही ओरडता का? मग शाळेला सांगा, दोन पगार द्या." सगळ्या हसल्या. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात त्वांबो म्हणाली, आज चारला. मग म्हणाली, पावणेचारला. मला वाटलं, आदल्या दिवशीचा निरोप ही गजर म्हणून लावत असणार. पोरींना काय, काहीही सुचतं. मी तिला वेगळं विचारलं. ती म्हणाली, नाही हो, गजर कसला, तुम्हीच.

घड्याळ चुकीचं असेल, झोप अर्धवट असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. शाळेत जिल्ह्याच्या सामन्यांची धावपळ चालली होती, आणि पोरगी लवकर उठते यात तक्रार करण्यासारखं काय होतं?

३

जुलै संपला तेव्हा ती ब्याऐंशीवर आली. ऑगस्टच्या मध्यावर चौऱ्याहत्तर. शनिवारी तिचे फोटो आले की गटात टाळ्यांचा पाऊस पडायचा. निळी भिंत, सिमेंटची जमीन, आणि मधे दर आठवड्याला अरुंद होत जाणारी बाई. एकदोघींनी मला वेगळं लिहिलं की तुमच्यामुळे झालं हे. मी उगाच नको नको म्हटलं, पण मनातून फुलून गेले होते.

मग एका दुपारी तिचा मला एकटीला निरोप आला. तुम्ही सांगितल्यावर मक्याच्या पिठाची न्शिमा सोडली, भाकरतुकडा सोडला, आता भाजीही सोडू का? उभी राहिले की चक्कर येते.

मी असं कधी सांगितलं नव्हतं. नव्हतं ना? मैदानाच्या पायऱ्यांवर बसून मी तीन महिन्यांचे माझे सगळे निरोप ऐकले. आपलाच आवाज इतका वेळ ऐकणं ही शिक्षा आहे. एकात मी म्हटलं होतं, 'आज ताटाकडे बघूसुद्धा नका,' पण ते जुलैतल्या सुटीच्या मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी, थट्टेनं. पोरीनं तेच धरून ठेवलं, असं मी ठरवलं आणि मला हायसं वाटलं. मी तिला लिहिलं, वेड लागलंय का, नीट जेव आणि गोळी घे.

तिचं उत्तर अर्ध्या तासानं आलं. सकाळी तर तुम्ही गोळीसुद्धा नको म्हणालात.

मी विचारलं, कधी, कुठल्या निरोपात, दाखव. ती म्हणाली, फोन परवापासून बंद होता, वीजच नव्हती, आत्ता बेकरीत चार्जिंगला लावलाय. तुम्ही निरोपात नाही म्हणालात. दारापाशी उभ्या राहून म्हणालात.

यावर कोणत्याही शहाण्या बाईला काळजी वाटली असती. मला राग आला. काफूएहून मझाबुका बसनं दीड-दोन तासांवर, आणि मी म्हणे तिच्या दारापाशी उभी राहते. मला वाटलं, ही उपाशी राहून स्वतःला काहीतरी करून घेणार आणि नाव माझं घेणार. शाळेत मला हे नवीन नव्हतं. पोरगी स्वतःच्या हलगर्जीपणानं पडते आणि आईबाप येऊन शिक्षिकेला बोलतात.

मी गटात जाहीर केलं, त्वांबो, बहाणे, एक आठवडा.

दहा मिनिटांनी तिनं गटात एकच ओळ लिहिली. 'बाना मुबिता, पाया पडते, माझ्या खोलीत येऊ नका.' मी ती पुसली. मी पुसायच्या आधी कासुबानं ती वाचली होती. तिनं हसण्याची चित्रं टाकली आणि लिहिलं, आता घरोघरी फिरताय होय.

त्या ओळीवरून बोट फिरवताना मला काहीही वाटलं नव्हतं. हे मी आता कोणालाही सांगते, कारण लपवून काय करू.

४

शनिवारी सकाळी तिचे तीन फोटो आले. शब्द नाही, नियमाप्रमाणे. खाली टाळ्या सुरू झाल्या.

मी फोटो मोठे करून पाहिले. ही माझी सवयच आहे. कोण जुना फोटो खपवतंय, कोण श्वास आत ओढून उभी आहे, ते मला एका नजरेत कळतं. आम्ही सगळ्या फोन खुर्चीवर किंवा खिडकीत टेकवून, दहा आकडे मोजायला लावून फोटो काढतो. त्यामुळे फोटो नेहमी खालून, कमरेच्या उंचीवरून येतो. त्वांबोचा पाठीचा फोटो वरून आला होता. तिच्या डोक्याच्याही वरून. खांद्यांची हाडं, मणके, आणि खाली लहान दिसणारी पावलं. शिवाय तो हललेला होता, टेकवलेल्या फोनचा फोटो हलत नाही.

कोणीतरी काढून दिला असेल. शेजारीण, नाहीतर एखादा मित्र. स्टुलावर चढून कशाला काढेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. बाजूच्या फोटोत कोपऱ्यात गोळ्यांचं पाकीट दिसत होतं. जमिनीवर, फोडलेलं, आणि गोळ्या सिमेंटवर एका ओळीत मांडलेल्या. एकही कमी नसावी, अशी ती ओळ लांब होती.

मग मात्र मी फोन लावला. गटातल्या कोणाला मी कधी फोन लावला नव्हता, ती आमची रीतच नव्हती.

तिनं उचलला. बोलली नाही. श्वास ऐकू येत होता, उथळ, चढण चढल्यावर असतो तसा. मी विचारलं, त्वांबो, कोण आहे तुझ्याबरोबर? आणि तिच्या मागून, खोलीतून, मला माझा आवाज ऐकू आला.

"बाजू," तो म्हणाला.

मग सिमेंटवर अनवाणी पावलं सरकल्याचा आवाज आला.

फोनवर आपलाच आवाज कधीकधी परत ऐकू येतो, हे मला माहीत आहे. शाळेच्या कार्यालयातल्या फोनवर तर नेहमीच येतो. पण परत यायला तो आधी जावा लागतो, आणि मी तो शब्द उच्चारला नव्हता. जुना निरोप लावून ठेवला असेल, असं मी मोठ्यानं म्हणाले, माझ्याच स्वयंपाकघरात, चुलीपाशी.

"तुम्ही मला आता बोलू देता का?" त्वांबोनं विचारलं. ती मला विचारत होती की तिकडे कोणाला, ते कळलं नाही. फोन बंद झाला.

मी अंगावर चितेंगेचं कापड गुंडाळलं आणि बसथांब्यावर गेले.

५

मझाबुकाला उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. लख्ख ऊन होतं. उसाचे फड जाळायचे दिवस, त्यामुळे हवेतून काळी राख उतरत होती आणि बायका दोरीवरचे कपडे शिव्या देत काढत होत्या. बेकरी सापडायला वेळ लागला नाही. तिथल्या मालकानं सांगितलं की त्वांबो बुधवारपासून कामावर आलेली नाही, आणि मी न विचारताच एका पोऱ्याकडून तिचा पत्ता चिठ्ठीवर लिहवून माझ्या हातात दिला. त्यालाही ती आता डोक्याला ताप झाली होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

एका अंगणाभोवती पत्र्याच्या पाच खोल्या होत्या. मधे नळ. एक म्हातारीशी बाई कढईत पिठाचे गोळे उलथत बसली होती. मी नमस्कार केला आणि विचारलं, त्वांबोची खोली कुठली?

तिनं मान वर केली नव्हती तोवर सगळं ठीक होतं. माझा आवाज कानावर पडला आणि तिच्या हातातला झारा थांबला.

"लाज नाही वाटत?" ती म्हणाली.

मी म्हटलं, आई, आपली ओळख नाही.

"ओळख कशाला हवी? भिंत एक आहे आपली. रोज पहाटेपासून ऐकते मी तुला. उठ, उभी राहा, वळ, खाऊ नकोस. पोरीची काठी झाली. मी काल पेज घेऊन गेले तर आतून तूच ओरडलीस ना, घेऊन जा म्हणून?"

मी सांगितलं की मी आज पहिल्यांदा या गावात पाऊल ठेवतेय, हे बसचं तिकीट. तिनं तिकिटाकडे पाहिलंही नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. त्या जागी जे आलं ते मला रागापेक्षा वाईट वाटलं. ती कढईपासून उठून मागे सरकली.

"मग आत कोण आहे?" तिनं विचारलं.

६

कोपऱ्यातली खोली. लोखंडी जाळीचं दार, आतून कुलूप, त्यामागे लाकडी दार, तेही आतून कडी लावून बंद. मी जाळीवर हात आपटला.

"त्वांबो, मी बाना मुबिता. दार उघड."

मग तिचा आवाज आला, अगदी दाराजवळून, बारीक. "आत्ताच तर म्हणालात, उघडायचं नाही."

"ती मी नव्हे. मी इथं बाहेर आहे. बाहेर ये."

"बाहेर ये," आतून कोणीतरी म्हणालं. माझाच आवाज, माझाच ठसका, अर्धा श्वास उशिरा.

मी बाजूच्या खिडकीपाशी गेले. गजांच्या आत पडदा होता आणि कडेला दोन बोटांची फट होती. निळी भिंत दिसली. त्वांबोची पाठ दिसली, फोटोत दिसायची तीच, फक्त जिवंत आणि थरथरणारी. तिच्या डोक्याच्या वर एक हात होता. फोन धरलेला, मनगटापर्यंतच दिसणारा. हात छताकडून खाली आला होता. खोलीला बसका पत्रा होता, माझ्या उंचीचं माणूस सहज हात लावेल इतका. त्या उंचीवरून हात खाली यायला माणसाला कुठं उभं राहावं लागेल, हा हिशेब माझ्या डोक्यात जमायच्या आत आतून पडदा ओढला गेला.

मी दाराशी परत आले. म्हातारी जाळी दोन्ही हातांनी ओढत होती, जाळी हलत नव्हती. ती कोणाला तरी हाका मारत होती. मी तिला गप्प केलं. मला एकच गोष्ट कळत होती: त्वांबोनं स्वतः कडी काढायला हवी, आणि त्यासाठी तिला पटायला हवं की मी मी आहे. आणि तिला पटवायला माझ्याकडे काय होतं? चेहरा दाखवून उपयोग नव्हता, माझा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. सात महिन्यांत मी तिला आवाजाशिवाय काही दिलं नव्हतं. तोही एकाच सुरातला.

"लुसेकोची शपथ आहे तुला," मी म्हणाले. "उघड दार."

"लुसेकोची शपथ आहे तुला," आतला आवाज म्हणाला. "उघडू नकोस."

ती रडायला लागली. "दोघी एकदम नका ना बोलू," ती म्हणाली. "मी करते सगळं. कुणाचं ऐकू तेवढं सांगा."

तेव्हा मला सुचलं की हा आवाज माझ्याकडून जे घेऊन आला आहे ते सगळं हुकमाचं आहे. जे मी कधी बोललेच नाही ते त्याच्याकडे कुठून असणार? मी जाळीला कपाळ टेकवलं. मायेनं बोलायचं होतं. साधी गोष्ट आहे, रस्त्यावरची कुठलीही बाई करते.

"बाळा," मी म्हणाले. शब्द कोरडा आला, हजेरी घेतल्यासारखा. "ये. मी ओरडणार नाही. आपण दोघी बसून जेवू. मी चुकले. मी तुझी ओळ पुसायला नको होती."

त्वांबोचं रडणं थांबलं. कडीला हात लागल्याचा आवाज मी ऐकला, अगदी स्पष्ट ऐकला, म्हातारीनंही ऐकला.

"बाळा," आतला आवाज म्हणाला.

माझाच आवाज होता. पण त्यात जी माया होती ती माझ्या गळ्यातून कधी निघाली नव्हती, मुबिता तापानं फणफणला होता तेव्हासुद्धा नाही. ऐकून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. देवाशपथ सांगते, क्षणभर मलाच आत जावंसं वाटलं.

"दमलीस ना," तो म्हणाला. "झालं आता. ये इकडे."

कडीवरचा हात निघाला. त्वांबोनं एक लांब श्वास सोडला, ओझं खाली ठेवताना सुटतो तसा, आणि ती चालू लागली. दाराकडे नाही.

"तिकडे कुठं?" म्हातारी पुटपुटली. "तिकडे भिंत आहे."

मी जाळी हलवत तिच्या नावानं ओरडत होते, आणि ओरडता ओरडता थांबले, कारण माझ्या ओरडण्यात पावलं ऐकू येईनात. अनवाणी पावलं, सिमेंटवर, आधी टाच मग चवडा, मी शिकवलं होतं तशी. सवयीनं मी ती मोजली. ती खोली लांबीला फार तर बारा फूट असेल. वीस पावलं झाली. चाळीस झाली. शेवटची ऐकू आली ती एकशे सोळावी, आणि तेव्हाही ती थांबलेली नव्हती, फक्त फार लांब गेली होती.